साप, दोरी आणि अंधारातला नेम

‘साप साप म्हणून भुई धोपटणे’ ही म्हण तुम्ही लहानपणीच ऐकली असेल. (आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना ती जरा उशिरा कळते, एवढंच!) अंधारात दोरी पडलेली असते, माणसाला साप दिसतो आणि तो काठी घेऊन सुटतो. काठीने जमीन धोपटली तर फार काही बिघडत नाही. पण हातात काठीऐवजी पिस्तूल असेल तर?

अमेरिकेत हा प्रश्न अगदी घरगुती आहे. २००८ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने हेलर खटल्यात निकाल दिला की, स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणं हा नागरिकाचा वैयक्तिक हक्क आहे. त्यामुळे रात्री नेम धरायला मदत करणाऱ्या वस्तूंची तिथे मोठी बाजारपेठ आहे. आपल्याकडे १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टनुसार लायसन्सशिवाय पिस्तूल बाळगता येत नाही आणि २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय लायसन्सचा विषयच नाही. म्हणजे निम्मं हॉस्टेल इथेच बाद! मग हा लेख कशाला? एक तर या वस्तूंमागचं फिजिक्स आपण फर्स्ट इयरलाच शिकलो आहोत. आणि दुसरं म्हणजे, आपल्यातले कितीतरी जण एमएससाठी तिकडे जाणार. तिथे शेजारच्या घरात काय असू शकतं हे माहीत असलेलं बरं.

आधी डोळा समजून घेऊ

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. कोन्स साधारण ६० लाख. त्या रंग आणि बारकावे दाखवतात, पण त्यांना उजेड लागतो. रॉड्स साधारण १२ कोटी. त्या मंद उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही आणि चेहराही नीट ओळखता येत नाही. गंमत म्हणजे पडद्याच्या अगदी मध्यभागी रॉड्स नसतातच. म्हणून अंधुक तारा थेट पाहिला की गायब होतो आणि किंचित बाजूला पाहिलं की दिसतो. आता नेम धरताना आपण काय करतो? समोर थेट पाहतो! म्हणजे अंधारात डोळ्याचा जो भाग सर्वांत कमकुवत, त्याच्याकडूनच आपण काम करून घेतो. शिवाय उजेडातून अंधारात आल्यावर डोळा पूर्ण सरावायला २०-३० मिनिटं लागतात.

बाजारात काय काय मिळतं?

१) ट्रिटियम साइट : एनसीसीवाल्यांना फोरसाइट आणि बॅकसाइट माहीत आहेत. त्यांच्यात ट्रिटियम वायू भरलेल्या बारीक काचेच्या नळ्या बसवतात. ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सर्गी भाऊ. त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन नळीच्या आतल्या फॉस्फरच्या थरावर आदळतात आणि तो थर चमकतो. बॅटरी नाही, स्विच नाही. हे इलेक्ट्रॉन इतके दुबळे असतात की काचही ओलांडू शकत नाहीत. मात्र ट्रिटियमची हाफ लाइफ आहे १२.३ वर्षं. म्हणजे १२ वर्षांनी उजेड निम्मा, २५ वर्षांनी पाव. जुनं पिस्तूल घेताना साइट कोणत्या साली बनवली ते बघावं. तिन्ही ठिपके सारखे चमकत असतील तर घाईत पुढचा कुठला आणि मागचे कुठले यात गोंधळ होतो. म्हणून पुढचा ठिपका जास्त ठळक किंवा वेगळ्या रंगाचा असलेला बरा.

२) फायबर ऑप्टिक साइट : टोटल इंटर्नल रिफ्लेक्शन. आजूबाजूचा उजेड गोळा करून टोकाशी आणते. दिवसा झकास, पण काळोखात गोळा करायला काहीच नाही, मग देणार काय? रात्रीसाठी ही बाद.

३) रेड डॉट : एलईडीचा प्रकाश वक्र काचेवरून समांतर होऊन डोळ्यात येतो. त्यामुळे ठिपका दूर अंतरावर असल्यासारखा दिसतो. मूळ कल्पना आयर्लंडच्या हॉवर्ड ग्रब यांची, १९०० सालची. चाळिशी लागलेल्यांना हातभर लांबची फोरसाइट धूसर दिसते. त्यांच्यासाठी हा प्रकार वरदान, कारण नजर समोरच ठेवायची असते. ३ मिनिटांचा ठिपका (एका अंशाचे ६० भाग, त्यातले ३) ७ मीटरवर फक्त ६ मिलिमीटर जागा झाकतो. पण ब्राइटनेस आपोआप बदलणारं मॉडेल जपून घ्यावं. आपण अंधाऱ्या खोलीत उभे राहून समोर टॉर्च मारला, तर त्याचा सेन्सर आपल्याभोवतीचा अंधार मोजतो आणि ठिपका मंद करतो. मग समोरच्या झगमगाटात तो हरवतो. हाताने ब्राइटनेस ठरवता येणारा घ्यावा.

४) लेझर : अमेरिकेत याची मर्यादा ५ मिलिवॅट. आपला डोळा उजेडात ५५५ नॅनोमीटरला सर्वांत संवेदनशील असतो. त्यामुळे तेवढ्याच पॉवरचा ५३२ चा हिरवा लेझर ६५० च्या लाल लेझरपेक्षा साधारण आठपट तेजस्वी वाटतो. साइटमागे डोळा न्यायची गरज नाही हा फायदा. तोटा हा की माणूस भिंतीवर ठिपका शोधत बसतो! शिवाय लेझर नळीच्या खाली ४ सेंटिमीटरवर असेल आणि ७ मीटरवर जुळवला असेल, तर १४ मीटरवर ठिपका तेवढाच वर जातो. साधे समरूप त्रिकोण आहेत, आकृती काढून बघा.

आता खरा हिशोब

समजा, फोरसाइट आणि बॅकसाइटमध्ये १६५ मिलिमीटर अंतर आहे आणि नेम धरताना फोरसाइट पूर्ण १ मिलिमीटर बाजूला सरकली. ७ मीटरवर गोळी किती चुकेल? ७००० भागिले १६५, म्हणजे साधारण ४२ मिलिमीटर. चार बोटंही नाहीत! घरातल्या खोलीत ७ मीटर म्हणजे खूप झाले. थोडक्यात, घरातल्या अंतरावर नेम ही मुख्य अडचण नाहीच. वरच्या चारही वस्तू ‘गोळी कुठे जाईल’ एवढंच सांगतात. ‘समोर कोण आहे’ हे एकही सांगत नाही.

ते सांगतो फक्त उजेड. टॉर्च घेताना लोक ल्यूमेन बघतात, पण लांबवर किती उजेड पडेल ते कँडेलावर ठरतं. कँडेला भागिले अंतराचा वर्ग म्हणजे लक्स. १०,००० कँडेलाचा टॉर्च ७ मीटरवर सुमारे २०० लक्स देतो. त्यात चेहरा आणि हातातली वस्तू स्पष्ट दिसते. पौर्णिमेचं चांदणं एक लक्ससुद्धा नसतं. पण अति तिथे माती. पांढऱ्या भिंतींच्या बोळात फार जोरदार टॉर्च मारला तर परतलेल्या उजेडाने आपणच आंधळे!

पिस्तुलावरच बसवलेला टॉर्चही मिळतो. त्याने दोन्ही हात पिस्तुलावर राहतात. पण ‘कोण आहे’ हे बघायला तो वापरला की नळी आपसूक त्या माणसावर रोखली जाते. तो घरचाच निघाला तर? अमेरिकेतले प्रसिद्ध नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपर यांचे चार नियम जगभर शिकवतात. त्यातला एक असा की, जे नष्ट करायची तयारी नाही त्याच्यावर नळी रोखू नये. आणि शेवटचा असा की, लक्ष्य काय आहे याची खात्री करावी. म्हणून शोधायला हातातला वेगळा टॉर्च हवाच.

ओळख चुकली की काय होतं

१७ ऑक्टोबर १९९२. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात बॅटन रूज इथे एक १६ वर्षांचा जपानी एक्स्चेंज विद्यार्थी हॅलोवीन पार्टीला निघाला आणि पत्ता चुकून भलत्याच घरी गेला. घरमालकाने त्याला थांबायला सांगितलं. त्याला ते कळलं नाही. गोळी अगदी जवळून झाडली गेली आणि मुलगा गेला. नेम बरोबर होता, ओळख चुकली होती.

दुसरं उदाहरण ब्लेड्सवर धावणाऱ्या ऑस्कर पिस्टोरियसचं. १४ फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे प्रिटोरियातल्या आपल्या घरात त्याने टॉयलेटच्या बंद दारातून चार गोळ्या झाडल्या. आत त्याची मैत्रीण रीवा स्टीनकॅम्प होती. चोर शिरला असं वाटलं, हा त्याचा बचाव. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या अपील कोर्टाने त्याला खुनाचा दोषी ठरवलं. कोर्टाचं म्हणणं असं की, दारामागे जो कोणी असेल तो मरू शकतो हे त्याला कळत होतं, तेवढं पुरे. बंद दारापुढे ट्रिटियम काय आणि लेझर काय, सगळं सारखंच.

मग निवड कशी करावी?

तिकडे कोणी नातेवाईकाने विचारलंच तर माझा क्रम असा सांगा. पहिला नंबर भिंतीवरच्या दिव्याच्या स्विचचा. बाहेर आणि बोळात माणूस आला की आपोआप लागणारे दिवे बसवावेत. दुसरा, उशाशी हातातला टॉर्च आणि ‘कोण आहे?’ असं विचारणारा आवाज. घरातला माणूस उत्तर देतोच. तिसरा, ट्रिटियम साइट, कारण ती बॅटरीवाचून चालते. डोळ्यांना चाळिशी असेल तर तिच्याऐवजी रेड डॉट. पिस्तुलावरचा टॉर्च प्रशिक्षण घेतल्यावरच. लेझर सर्वांत शेवटी, तोही जोडीला म्हणून. आणि या सगळ्याच्या आधी एक मजबूत कुलूपबंद पेटी, कारण घरात लहान मुलंही असतात.

आणि तुम्ही स्वतः तिकडे गेलात तर रात्री अनोळखी दार वाजवण्यापूर्वी घर नंबर दोनदा तपासा, उजेडात उभे राहा आणि हात रिकामे दिसतील असे ठेवा. कोणी ‘फ्रीझ’ ओरडलं तर जागच्या जागी थांबा.

व्हायवामध्ये आपण सगळेच अंधारात तीर मारतो. तिथे चुकलं तर फार तर मार्क जातात. गोळीला री-एक्झाम नसते. म्हणून आधी दिवा, मग ओळख, आणि नेमाचं सगळ्यात शेवटी.