आमरीची रोपे परगावी व परदेशी पाठविण्याचे नियम

सातपुड्याच्या कुशीत वसलेल्या नंदुरबार जिल्ह्यात पावसाळा सुरू होण्याच्या सुमारास मोहाच्या व आंब्याच्या जुन्या झाडांवर जाड, पांढरट मुळांची आणि चिवट पानांची एक वनस्पती फुललेली दिसते. ही आमरी होय. इंग्रजी शिकलेले लोक तिला ऑर्किड म्हणतात. आपल्याकडे आढळणाऱ्या आमरींपैकी वांदा ही विशेष परिचयाची असून काही ठिकाणी तिची मुळे रास्ना या नावाने औषधासाठी विकली जातात. अलीकडे शहरांतून शोभेच्या रोपांना मागणी वाढल्यामुळे या वनस्पतीकडे व्यापाऱ्यांचे लक्ष वळले आहे. यास्तव ती कोणी, कोठून व कोणत्या नियमाने हलवावी याची माहिती ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना व शेतकऱ्यांना असणे अगत्याचे झाले आहे.

काही दिवसांपूर्वी अक्राणी तालुक्यातील एक तरुण पोतेभर आमरी घेऊन माझ्याकडे आला. "साहेब, ही सुरतेला पाठवायची आहे. गाडीवाला कागद मागतो. कोणता कागद लागतो?" असे त्याने विचारले. पोत्यातील रोपे जंगलातील मोहावरून ओरबाडून काढलेली होती. निम्म्यांची मुळे तुटली होती. "भाऊ, या मालाला कागद मिळणार नाही," असे मला सांगावे लागले. बाहेरचा व्यापारी रोपामागे थोडे पैसे देऊन निघून जातो. पण नाक्यावर गाडी अडली म्हणजे गुन्हा नोंदला जातो तो माल आणणाऱ्यावर. अशी वेळ इतरांवर येऊ नये, हा या लेखाचा हेतू आहे.

आमरी बांडगूळ नव्हे

पुष्कळ शेतकरी आमरीला बांडगूळ समजून खरवडून टाकतात. ही समजूत चुकीची आहे. बांडगूळ झाडाच्या आत मुळे घुसवून त्याचा रस शोषते. आमरी सालीला केवळ धरून राहते. तिचे पाणी हवेतून व पावसातून आणि अन्न सालीवर साठलेल्या कचऱ्यातून व स्वतःच्या हिरव्या पानांतून मिळते. आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते. त्यात अन्नाचा साठा नसल्याने विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्याशिवाय ते रुजत नाही. रोप फुलावर येण्यास काही वर्षे लागतात. म्हणूनच एका दिवसात ओरबाडलेली आमरी पुन्हा त्या झाडावर दिसावयास दीर्घ काळ जावा लागतो.

जंगलातील रोपांविषयी कायदा

भारतीय वन अधिनियम, 1927 प्रमाणे वनातून आणलेली कोणतीही वनस्पती व तिचे भाग वनोपज ठरतात. राखीव वनातून ती परवानगीवाचून काढणे हा गुन्हा असून तिच्या वाहतुकीसाठी वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये 1991 साली दुरुस्ती होऊन काही वनस्पतींना विशेष संरक्षण मिळाले. त्यांत निळा वांदा, तांबडा वांदा व पॅफिओपेडिलम या आमरींचा समावेश होता. 2022 च्या दुरुस्तीने, जी 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली, आंतरराष्ट्रीय करारातील वनस्पतींची यादीही या अधिनियमास जोडण्यात आली आहे.

वनहक्क अधिनियम, 2006 अन्वये अनेक गावांना गौण वनोपजाचे हक्क मिळाले आहेत. तथापि त्या हक्काबरोबर वन, वन्यजीव व जैवविविधता राखण्याची जबाबदारीही ग्रामसभेवर आहे. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला व ग्रामसभेला न विचारता बाहेरच्या माणसाला आमरी काढू देणे म्हणजे गावाची ठेव परक्याच्या हाती देणे होय. वादळात पडलेल्या झाडावर आमरी आढळल्यास ती घरी न नेता वनरक्षकास कळवावे.

लागवडीची रोपे देशांतर्गत पाठविताना

शेडनेटमध्ये डेंड्रोबियमसारख्या संकरित आमरी वाढविणाऱ्यास ही भीती नाही; मात्र आपला माल लागवडीचा आहे हे त्यास दाखविता आले पाहिजे. त्यासाठी पुढील दक्षता घ्यावी.

1. मातृरोपे खरेदी केल्याची पावती जपून ठेवावी आणि रोपवाटिकेत रोपांची नोंदवही ठेवावी.

2. प्रत्येक गठ्ठ्यासोबत जात, संख्या, पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव लिहिलेले बिल द्यावे.

3. कीडग्रस्त रोप कधीही पाठवू नये. खवले कीड व पिठ्या ढेकूण पानाच्या बेचक्यात दडून बसतात. म्हणून तेथे नीट पाहावे.

4. पाठविण्यापूर्वी एक-दोन दिवस पाणी तोडावे. ओले रोप बंद खोक्यात कुजते.

5. रोप कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात हलणार नाही असे बसवावे. खोक्यावर "जिवंत रोपे" असे लिहून वरची बाजू बाणाने दाखवावी.

6. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा आपल्याकडे पारा 40 अंशांच्या वर जातो, तेव्हा शक्यतो रोपे पाठवू नयेत. पाठविणे भागच असेल तर रात्रीचा प्रवास निवडावा. बसच्या टपावर खोके कधीही ठेवू नये.

रोगाचा प्रसार रोपांबरोबर होतो, हे शहादा व तळोदा भागातील केळी बागायतदारांस सांगावयास नको. केळीच्या पर्णगुच्छ रोगासाठी देशातल्या देशातही कंदांच्या वाहतुकीवर निर्बंध घालावे लागले. हीच सावधगिरी आमरीस लागू आहे. बाहेरून आणलेली रोपे ताबडतोब उघडून सावलीत, इतर रोपांपासून तीन-चार आठवडे वेगळी ठेवावीत. गुंडाळलेला कागद व भुसा जाळून टाकावा. नवी मुळे दिसेपर्यंत खत देऊ नये.

परदेशी पाठविताना

धोक्यातील वन्य प्राणी व वनस्पती यांच्या व्यापाराविषयीचा आंतरराष्ट्रीय करार, ज्याला साइटीस म्हणतात, 1973 साली वॉशिंग्टन येथे झाला. भारत त्यात 1976 साली सामील झाला. आमरीचे संपूर्ण कुळ या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असून पॅफिओपेडिलमसारख्या काही आमरी अधिक कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहेत. म्हणून लागवडीची आमरीदेखील परदेशी पाठवावयाची झाल्यास साधारणपणे पुढील कागद लागतात:

(अ) विदेश व्यापार महासंचालनालयाकडील आयात-निर्यात संकेतांक;

(आ) रोपे लागवडीची असल्याचा दाखला;

(इ) साइटीसचा निर्यात परवाना;

(ई) रोपे कीड-रोगमुक्त असल्याचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, जे प्राधिकृत अधिकारी तपासणी करून देतो;

(उ) घेणाऱ्या देशाने मागितल्यास त्या देशाचा आयात परवाना.

माल ठरवून दिलेल्या बंदरातून किंवा विमानतळावरूनच जाऊ शकतो. आपणांस मुंबई सोयीची आहे. मुळांना माती मुळीच असू नये, कारण मातीबरोबर सूत्रकृमी व बुरशी जातात. निर्जंतुक बाटलीत वाढविलेल्या, दुसऱ्या परिशिष्टातील आमरींच्या रोपांना व काही संकरांना करारात सवलत आहे. पण तिच्या अटी अधिकाऱ्यास विचारल्याखेरीज सवलत गृहीत धरू नये. आरोग्य प्रमाणपत्राचा प्रश्न या सवलतीने सुटत नाही.

परदेशातून रोप आणतानाही हेच तत्त्व आहे. वनस्पती संगरोध आदेश, 2003 प्रमाणे आयात परवाना आधी घ्यावा लागतो व मागाहून रोप. परदेशी गेलेल्या नातलगाने हौसेने पिशवीत घालून आणलेले रोप विमानतळावर जप्त होते, आणि ते योग्यच आहे. एका रोपावरची कीड सबंध जिल्ह्याच्या बागा बसवू शकते.

कार्यकर्त्यांचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आठवडे बाजारात आमरीची पोती दिसल्यास आणणाऱ्यास प्रथम कायदा समजावून सांगावा आणि वनरक्षकाशी संपर्क ठेवावा. रोपाची ओळख पटत नसल्यास पुणे येथील भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या केंद्रास विचारता येते. आमरीची लागवड करू इच्छिणाऱ्यांनी कोळदे येथील कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

माझ्याकडे आलेल्या त्या तरुणाने पोते वनरक्षकाच्या स्वाधीन केले. जी रोपे जगण्यासारखी होती, ती पुन्हा मोहाच्या फांद्यांवर सुतळीने बांधण्यात आली. त्याला आता शेडनेटमध्ये लागवड करावयाची आहे. त्याच्या पुढच्या खोक्याला कागद मिळेल, कारण तो माल त्याने वाढविलेला असेल.