हवापालट : लिहून द्यावयाचा एक उपचार

दिवाळीचा फराळ संपून मार्गशीर्षातील थंडी जाणवू लागली की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न दरवर्षी न चुकता येतो. "डॉक्टर, आठ-दहा दिवस कुठे तरी शांत ठिकाणी जाऊन येऊ का?" पूर्वी लोक यालाच हवापालट म्हणत. आता त्याला 'वेलनेस रिट्रीट' असे भारदस्त नाव मिळाले असून नर्मदाकाठची शेतघरे, निसर्गोपचार केंद्रे, योगाश्रम आणि मौनशिबिरे नाताळापासून उत्तरायणापर्यंत भरलेली असतात. प्रश्न साधा असतो आणि आपले उत्तरही ठरलेले असते : "जा की, हरकत नाही."

या 'हरकत नाही'ने मला एकदा चांगलाच धडा शिकवला. तो धडा व त्यानंतर केलेला थोडा अभ्यास व्यवसायबंधू-भगिनींपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एक प्रसंग

२०११ च्या डिसेंबरातील गोष्ट. अडुसष्ट वर्षांचे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे नियमित येत. त्यांना बारा वर्षांचा मधुमेह होता. मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड चालू होते आणि क्रिएटिनिन किंचित वर होते. शिस्तीचा माणूस, गोळीची वेळ चुकली, असे त्यांच्या बाबतीत कधी घडले नसावे. त्यांनी दहा दिवसांच्या निसर्गोपचार शिबिराचा अर्ज माझ्यासमोर ठेवला. त्यात 'चालू औषधे व वैद्यकीय सूचना' असा रकाना होता. बाहेर वीस रुग्ण बसलेले होते. मी त्या रकान्यात 'हरकत नाही' असे दोन शब्द लिहिले, सही केली आणि म्हणालो, "सर, अवश्य जा. हवापालट होईल."

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी रसाहार सुरू झाला. सरांनी सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली. चौथ्या दिवशीही घेतली. पाचव्या दिवशी पहाटे काकू त्यांना उठवू लागल्या, तर ते उठेनात. अंग घामाने भिजलेले, आणि बाहेर कडाक्याची थंडी. गावातील डॉक्टरांनी प्रसंगावधान राखून ग्लुकोज दिले, म्हणून सर शुद्धीवर आले; परंतु साखर दुपारी पुन्हा उतरली आणि त्यांना तालुक्याच्या रुग्णालयात दोन दिवस ठेवावे लागले.

परत आल्यावर ते मला भेटले. स्वरात तक्रार नव्हती. म्हणाले, "तुम्ही जा म्हणालात. गोळीचं काही बोलला नाहीत, म्हणून घेत राहिलो. माझं काही चुकलं का?"

त्यांचे काहीच चुकले नव्हते. शिबिराच्या चालकांनी विचारायचे ते विचारले होते. रकाना मीच रिकामा ठेवल्यासारखा भरला होता.

हवापालटाचा पूर्वेतिहास

हवापालट हा आपल्या शास्त्राला नवा विषय नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हर्मान ब्रेमर यांनी ग्योर्बर्सडोर्फ येथे क्षयरुग्णांसाठी डोंगरातील सॅनेटोरियम काढले. पुढे डाव्होससारखी गावे या उपचारावरच नावारूपाला आली. आपल्याकडेही मिरजेसारख्या कोरड्या हवेच्या ठिकाणी क्षयरुग्णालये उभी राहिली. विश्रांती, मोकळी हवा व सकस आहार हीच त्या काळातील चिकित्सा होती, कारण दुसरे औषधच नव्हते.

औषधे आल्यावर या समजुतीची खरी परीक्षा आपल्याच देशात झाली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या मद्रासच्या सुप्रसिद्ध अभ्यासात क्षयरुग्णांचा एक गट सॅनेटोरियममध्ये ठेवला गेला व दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या घरी. दोघांनाही आयसोनियाझिड व पास हीच औषधे वर्षभर दिली गेली. घरच्या रुग्णांना आहार निकृष्ट मिळत होता, विश्रांती कमी होती. तरीही वर्षअखेर फलित जवळजवळ सारखेच निघाले. आजार बरा करणारे औषध होते, हवा नव्हे.

मग हवापालट निरुपयोगी म्हणावा काय? तसेही नाही. १९८४ साली रॉजर उल्रिख यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, असे २३ रुग्ण आणि ज्यांना केवळ विटांची भिंत दिसे, असे त्यांच्याशी जुळणारे २३ रुग्ण त्यांनी ताडून पाहिले. झाडे पाहणाऱ्यांचा मुक्काम सरासरीने सुमारे पाऊण दिवसाने कमी भरला आणि तीव्र वेदनाशामकेही त्यांना कमी लागली. संख्या लहान आहे, हे मान्य. पण दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की प्रत्येकाची जागा कळते. शांत परिसर औषधाला हातभार लावतो. औषधाची जागा तो घेत नाही.

आपल्या बडोद्याचाही या विषयाशी जवळचा संबंध आहे. डभोईत जन्मलेले व येथील प्राध्यापक माणिकरावांच्या हाताखाली व्यायामविद्या शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी उड्डियान व नौली या क्रियांचा शरीरावरील परिणाम बडोद्याच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तपासला आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. आश्रमातील साधना व प्रयोगशाळेतील मोजमाप यांत विरोध नाही, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवले. १९४६ साली गांधीजींनी उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रमाचा पाया घातला, तोही खेड्यातील गरिबाला परवडेल अशा उपचाराच्या शोधात.

चरकाचा इशारा

हिवाळी शिबिरांतील उपवासाकडे पाहताना मला चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहावा अध्याय आठवतो. हेमंतात बाहेरच्या थंडीमुळे शरीरातील उष्मा आत कोंडला जाऊन जठराग्नी प्रबळ होतो आणि त्याला पुरेसे इंधन न मिळाल्यास तो शरीरातील रसच जाळू लागतो, असे तेथे प्रतिपादन आहे. म्हणून स्निग्ध, आंबट व खारट रसांचा आहार, अभ्यंग, उबदार वस्त्रे व उबदार निवास यांची शिफारस केली असून वाऱ्याचा झोत, हलके व वातूळ अन्न आणि अल्प आहार वर्ज्य सांगितले आहेत. वाग्भटानेही हेमंतात रात्री मोठ्या असल्याने माणसास सकाळीच भूक लागते, असे नोंदवले आहे. आपल्या घरोघरी याच ऋतूत डिंकाचे लाडू होतात, शेजारी अडदिया होतो, बाजरीचा रोटला आणि वांग्याचा ओळो होतो, ते उगाच नव्हे. प्राचीनांच्या नावाने भर हिवाळ्यात कडक उपवास करवणाऱ्यांनी प्राचीनांना एकदा विचारून घेतलेले बरे.

कोणाला काय सांगावे

आता व्यवहाराकडे वळू. जाणाऱ्या रुग्णास पुढील गोष्टी स्पष्ट सांगाव्यात व लिहून द्याव्यात, असे माझे मत झाले आहे.

१. मधुमेही : उपवास वा केवळ रसाहार असेल त्या दिवशी सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळ्या देऊ नयेत. मूत्रपिंड दुर्बल असेल तर त्यांचा परिणाम लांबतो आणि साखर एकदा वर आणली तरी पुन्हा उतरते. म्हणून निदान २४ तास देखरेख हवी. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी औषधे उपवासात साखर फारशी न वाढताही किटोअॅसिडोसिस घडवू शकतात. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी ती तीन दिवस थांबवतात. दीर्घ उपवासापूर्वीही तसेच करावे व नेहमीचा आहार सुरू झाल्यावरच पुन्हा द्यावीत. टाइप १ च्या रुग्णाने मूळ इन्सुलिन कधीही पूर्ण बंद करू नये; किंबहुना त्याने उपवासाच्या शिबिरास जाऊच नये.

२. रक्तदाब व हृदयविकार : थंडीत त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावल्याने रक्तदाब चढतो आणि हृदयविकाराचे झटके हिवाळ्यात, विशेषतः सकाळच्या प्रहरी, अधिक येतात. पहाटे पाचला थंड पाण्याचे स्नान व लगेच चढाचे चालणे अशा रुग्णाने टाळावे. ऊन अंगावर आल्यावर बाहेर पडावे. उलटपक्षी अळणी आहार, एनिमा व बाष्पस्नान यांच्या जोडीला मूत्रल गोळ्या चालू असतील तर सोडियम व पोटॅशियम घटून चक्कर येते. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणारे वृद्ध बाष्पस्नानातून एकदम उठले की कोसळतात. बीटा-ब्लॉकर मात्र स्वतःहून एकाएकी बंद करू नये.

३. पावले बधिर झालेले रुग्ण : गरम पादस्नान आणि गरम पाण्याची पिशवी यांनी भाजल्याचे त्यांना कळतही नाही. पाण्याची उष्णता दुसऱ्याच्या हाताने तपासावी. दवावर अनवाणी चालणे त्यांच्यासाठी नाही.

४. दमेकरी : पहाटेची थंड हवा व धुक्यात खाली साचलेला शेकोटीचा धूर हे दोन्ही घातक. तोंडा-नाकावरून मफलर व खिशात पंप असावा.

५. शेगडी व गॅस गिझर : बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनशी त्याची आसक्ती प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक आहे. एकाच खोलीतील सर्वांचे सकाळी डोके दुखत असेल तर प्रथम हीच शंका घ्यावी. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतो, तो आकडा उत्तम दाखवत राहतो. रुग्णास मोकळ्यावर आणून शक्य तितका शुद्ध प्राणवायू द्यावा.

६. थायरॉईड, अपस्मार व मानसिक आजारांची औषधे एकही दिवस चुकू नयेत. 'येथे आल्यावर गोळ्या सुटतात' असे कोणी सांगितल्यास रुग्णाने आपल्याला फोन करावा, गोळी टाकू नये.

स्वतःचा अनुभव

सरांच्या प्रसंगानंतर महिनाभर मी अस्वस्थ होतो. अखेर पत्नीच्या आग्रहावरून जानेवारीत चार दिवस शिनोर तालुक्यातील नर्मदाकाठच्या एका खेड्यात, स्नेह्यांच्या शेतघरी राहिलो. अनेक वर्षांतील ती माझी पहिली रजा. पहिला दिवस कानात फोनची घंटी वाजत असल्याचा भास होण्यात गेला. दुसऱ्या रात्री नऊ तास झोप लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी केळीच्या बागेपलीकडे घाटाच्या पायरीवर उन्हात बसलो असता लक्षात आले, की मी गेली दोन वर्षे रुग्णांचे ऐकतो आहे, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी ते बोलणे संपण्याची वाट पाहत होतो. त्या दोन शब्दांचे मूळ तेथे होते.

रक्तदाबाचे यंत्र मी सोबत नेले होते. घरी १४८/९२ असणारा माझा दाब चौथ्या दिवशी १३२/८४ भरला. आनंद झाला. परतल्यावर तीन आठवड्यांत तो पुन्हा पूर्वपदावर आला आणि वर्षभर टाळलेली गोळी मी मुकाट्याने सुरू केली. एका माणसाच्या चार दिवसांवरून सिद्धांत मांडू नये, हे मी जाणतो. परंतु मद्रासचा निष्कर्ष मला स्वतःच्या दंडावर वाचायला मिळाला. नर्मदेने मला विश्रांती दिली, जाग दिली. रक्तदाब मात्र गोळीच्याच स्वाधीन केला.

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात कामामुळे येणाऱ्या आत्यंतिक थकव्याची नोंद आजार म्हणून नव्हे, पण व्यवसायजन्य स्थिती म्हणून केली आहे. वैद्यकीय व्यवसायात तो थकवा आपल्यापुरता राहत नाही. चिठ्ठीवरून रुग्णापर्यंत पोहोचतो. म्हणून दरवर्षी निदान चार दिवस तरी गावाबाहेर शांत राहावे, अशी माझी सर्वांना विनंती आहे. उपवास नको, मौन पाळलेच पाहिजे असेही नाही. बाजरीचा रोटला, सकाळचे ऊन, लांब रात्र आणि दुसऱ्याला सोपवलेला फोन एवढे पुरे.

पुढच्या डिसेंबरात सर पुन्हा अर्ज घेऊन आले. मला आश्चर्य वाटले. म्हणाले, "जागा छान आहे हो. झोप फार चांगली लागते." या वेळी मी बाहेरच्या रुग्णांना थांबायला सांगितले. कोणती गोळी कोणत्या दिवशी थांबवायची, साखर किती वेळा पाहायची, ७० च्या खाली आल्यास काय घ्यायचे, रसाहाराऐवजी काय मागायचे, हे सारे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिले व काकूंकडून वाचून घेतले. त्याला अकरा मिनिटे लागली.

दहा दिवसांनी सर परतले. चौघडी घातलेली ती चिठ्ठी त्यांनी खिशातून काढून माझ्या टेबलावर ठेवली. प्रत्येक सूचनेपुढे त्यांनी लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती, वही तपासावी तशी. ती चिठ्ठी मी अद्याप जपून ठेवली आहे.