बॅटरीच्या दिव्यास कोणती पिन लावावी?

(विज्ञान व हस्तव्यवसाय : इयत्ता 6 वी व 7 वी)

विज्ञान-प्रदर्शनासाठी मुले 12 व्होल्ट बॅटरीवर चालणारा दिवा वा पंखा मोठ्या हौसेने तयार करतात. विद्युतमंडल जुळते, दिवा लागतो. परंतु तारेच्या टोकास काय लावावे, याचा विचार अगदी शेवटी होतो आणि घरात पडलेला दोन पिनांचा जुना प्लग हाताशी येतो. धोका येथेच आहे. तो प्लग भिंतीवरील सॉकेटातही बसतो आणि तेथे 230 व्होल्ट दाब असतो. दिवा करणाऱ्या मुलास हे ठाऊक असते; त्याच्या धाकट्या भावास नसते. म्हणून या पाठाचा मुख्य नियम असा : चुकीच्या जागी जी बसूच शकत नाही, तीच जोडणी निवडावी.

पाठ घेताना पुढील मुद्दे क्रमाने मांडावेत.

1. प्रवाह : 24 वॅटचा दिवा 12 व्होल्टवर 2 अँपिअर प्रवाह घेतो. हा भागाकार फळ्यावर करून दाखवावा. जोडणीची क्षमता याहून बरीच अधिक असावी. अन्यथा ती तापते.

2. बाजू : बॅटरीच्या बाजूस सॉकेट व दिव्याच्या बाजूस पिन असावी. बॅटरीकडील पिना उघड्या राहिल्यास त्यांवर खिळा आडवा पडताच शॉर्टसर्किट होते.

3. धन-ऋण : एकाच रीतीने बसणारी, खाच असलेली जोडणी उत्तम. बाजारातील गोल डी. सी. पिनही चालते, मात्र 5.5 मिलिमीटर बाह्य व्यासाच्या पिनेचे छिद्र 2.1 किंवा 2.5 मिलिमीटरचे असते. दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून पिन व सॉकेट एकाच मापाचे आहेत, याची खात्री करावी. हेडफोनची पिन येथे वापरू नये. ती आत सरकताना सॉकेटातील धन व ऋण टोके क्षणभर एकत्र जोडली जाऊ शकतात.

4. ताण : तार ओढली गेली तरी ताण डाखावर येऊ नये, म्हणून पेटीच्या आत तारेस एक गाठ मारावी.

कृती : बॅटरी दूर ठेवून निरनिराळ्या जोडण्या मुलांच्या हाती द्याव्यात व डोळे मिटून त्या उलटसुलट बसवून पाहण्यास सांगावे. जी उलटी बसेल, ती मुलांनीच बाजूस काढावी. नियम सांगण्यापेक्षा हा अनुभव अधिक काळ स्मरणात राहतो.

शिक्षकांस सूचना : भिंतीच्या सॉकेटात बसणारे जुने प्लग प्रयोगाच्या पेटीतून आजच काढून टाकावेत.