चातुर्मासातला रियाज

अमरावती

चि. सागर,

तुझं ‘सो व्हॉट’चं रेकॉर्डिंग ऐकलं. सूर पक्का आहे आणि फुंक मोकळी. एवढी लग्नसराई उन्हातान्हात वाजवूनही ओठ टिकवलेस, याचं कौतुक वाटलं. पण खरं सांगू का, तू वाजवलंस ते जॅझ नव्हतं, पॅटर्नच्या पुस्तकातल्या तयार तुकड्यांची उजळणी होती. सगळे तुकडे ओळीनं आले, एकही चुकला नाही, आणि मला त्यातला एकही लक्षात राहिला नाही. मैफिलीत बसून पलटे घोकणाऱ्या पोरासारखं झालं ते.

आता कोणतं पुस्तक घेऊ, असं विचारतोस. एकही नको. आषाढी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत वरात नाही. वाशीमच्या बँडवाल्याला वर्षातून एकदाच असा निवांतपणा मिळतो. गणपती-देवीच्या मिरवणुकांना जाच, घर चालायला पाहिजे. पण बाकीच्या दिवसांत एकच सोलो धर: ‘सो व्हॉट’मधला माइल्स डेव्हिसचा. २ मार्च १९५९ ला न्यू यॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेला. फक्त दोन कोरस, म्हणजे चौसष्ट मात्राखंड. ड्रमवाल्या जिमी कॉबची झांज कडाडते आणि ट्रम्पेट सुरू होतो, तिथून पुढं ऐक. माइल्स चार सूर बोलतो अन् गप्प राहतो. ती गप्प राहण्याची जागाही पाठ करायची आहे, बोटांनी नव्हे, कानानं.

पहिला महिनाभर ट्रम्पेट पेटीतच राहू दे. म्हणजे दीर्घ स्वरांपुरता काढ, सोलोसाठी नको. मोबाइलवर गती निम्मी कर (सूर तोच राहतो) आणि माइल्सच्या बरोबरीनं गा. शेलूबाजारला जाताना गाडीवर गा, लोक हसले तर हसू दे. एखादा वाक्यखंड गळ्यातून निघत नाही तोवर तो तुला ऐकूच आलेला नाही, असं समज. नवीन सिनेमाचं गाणं तू दोनदा ऐकून वरातीत वाजवतोस, नोटेशनशिवाय. हा कान नुसतं वाचून वाजवणाऱ्यांकडं नसतो. आम्ही पोलीस बँडवाले आर्बनचं धड्यांचं पुस्तक कोळून प्यालो, पण कागद उडाला की हात थांबायचे.

सोलोतले सूर तुला ओळखीचे वाटतील. गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. आपला काफी थाटच. पण इथंच फसशील. आपल्याकडं षड्ज एकदा लावला की तो मैफल संपेपर्यंत हलत नाही. इथं सोळा मात्राखंड झाले की षड्जच अर्धा सूर वर सरकतो, आठ मात्राखंड तिथं राहतो आणि परत खाली येतो. आपला ट्रम्पेट काळी पाचचा, त्यामुळं पियानोवाला डीवर असताना आपण ईवर. ईवरचा सा-रे-ग-म म्हणजे पहिला-दुसरा व्हॉल्व्ह, मग नुसता दुसरा, मग मोकळा, मग परत पहिला-दुसरा. षड्ज एफवर गेला की तोच सा-रे-ग-म होतो पहिला, मोकळा, दुसरा-तिसरा, पहिला. गळ्याला जे सरकणं सोपं, ते बोटांना अगदी नवं गाव. त्या वळणावर तू रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही वेळा अडखळलास, आणि ते झाकायला जोरात फुंकलंस.

आता पॅटर्न. त्यांना माझा विरोध नाही, ते कुठून येतात याचाच काय तो प्रश्न आहे. सोलोतला तुला सगळ्यांत आवडलेला एक तुकडा उचल, चार-पाच सुरांचा. तो बाराही षड्जांवरून वाजव, आधी विलंबित, जिभेचा आघात ‘तू’ नको, ‘दू’ असा मऊ ठेवून. मग त्याचा शेवटचा सूर बदलून बघ. मग अर्धी मात्रा उशिरा सुरू कर. एका तुकड्यातून आठवडा निघतो. पुस्तकातला ‘सा रे ग प’ही घोक, कोमल गंधार लावून, पण तो माइल्सच्या वाक्याला जोडून वाजव, सुटा नको.

हे सगळं परदेशी आहे, आपल्या माणसाला कसं जमेल, असं तुझ्या बँडच्या मालकांना वाटतं ना? हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, यांनी लुई आर्मस्ट्राँगचा ढंग असा उचलला की मुंबईत लोक त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. रात्री ताजमहाल हॉटेलात वाजवायचे, आणि सिनेमात पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांकडं. १९५१ चा ‘अलबेला’ बघ, त्यात पडद्यावरही दिसतात. वरातीत अजून त्यातल्या ‘शोला जो भडके’ची फर्माईश येते की नाही?

आर्मस्ट्राँगचा ‘वेस्ट एंड ब्लूज’ मात्र आत्ताच घेऊ नको. १९२८ चा आहे. सुरुवातीलाच साथीशिवाय एकटा ट्रम्पेट येतो, आणि शेवटी वरचा सूर जवळजवळ चार मात्राखंड धरलेला आहे. तुझ्यासारखा पोरगा तो सूर माउथपीस दाबून काढायला जाईल. तसंही तुझ्या ओठावर लग्नसराईतला तो गोल वळ अजून दिसतो, फोटोत पाहिला मी. आधी पंधरा दिवस नुसते खालचे दीर्घ स्वर, हळू. जेवढं वाजवशील तेवढीच विश्रांती घे. क्लिफर्ड ब्राउन पुढच्या वर्षी. तो पंचविसाव्या वर्षी अपघातात गेला, पण त्याचा ‘जॉय स्प्रिंग’ ऐकशील तर हातातला ट्रम्पेट खाली ठेवशील, म्हणून जरा थांब.

पोळ्याला इकडं ये. पहिला कोरस गाऊन दाखव, मी टाळी धरतो. आणि व्हॉल्व्हला खोबरेल घालतोस असं कळलं, ते बंद कर, थंडीत थिजून जाम होतील. व्हॉल्व्हच्या तेलाची बाटली पाठवतोय सोबत, तीन-तीन थेंब पुरे.

ताईला नमस्कार.

तुझा मामा