अडकलेले की लपलेले?



रात्री जेवताना बहुतेक घरांत टीव्हीवर बातम्या चालू असतात. चित्र आपण डोळ्यांनी पाहतो. पण त्याचा अर्थ बरेचदा निवेदकाचा एखादा शब्दच ठरवून टाकतो.

तर्कशास्त्रात वर्णन आणि निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी मानतात. 'तो दुकानातून निघाला' हे वर्णन झाले. 'तो दुकानातून सटकला' म्हटले की त्यात निर्णयही आला. बातमीतला निर्णय असा वर्णनाच्या वेषात येतो, म्हणून आपण तो तपासत नाही.

एक उदाहरण पाहू. २४ मार्च २०२० च्या मध्यरात्री देशभर टाळेबंदी लागू झाली. नांदेडच्या हुजूर साहिब येथे हजारो शीख भाविक महिनाभर राहिले. बातम्यांत ते 'अडकलेले' होते आणि तो शब्द योग्यच होता. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमध्येही दोन हजारांहून अधिक लोक होते. तेथील मेळाव्यातून संसर्ग पसरला होता, ही बातमी देणे आवश्यकच होते. पण काही वाहिन्यांवर हे लोक 'लपलेले' ठरले. अडकलेल्याला मदत हवी असते, लपलेला मात्र गुन्हेगार वाटतो. पुढे 'कोरोना जिहाद' असेही शब्द आले. जणू आजार हा हल्लाच होता! त्या एप्रिलमध्ये देशात अनेक ठिकाणी मुस्लिम भाजीवाल्यांना गल्लीत येऊ दिले गेले नाही. त्या गरिबांचा मेळाव्याशी काय संबंध?

ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मरकजला येऊन गेलेल्या परदेशी नागरिकांवर अहमदनगर जिल्ह्यात नोंदवलेले गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यता न्यायालयाने बोलून दाखवली आणि माध्यमांतील अपप्रचारावरही बोट ठेवले. पण भाजीवाल्याचे बुडालेले दिवस कोण भरून देणार?

यासाठी बातमी पाहताना तीन प्रश्न विचारावेत. हा शब्द घडले ते सांगतो की हेतू चिकटवतो? 'लाठीमार झाला' असे म्हणताना तो कोणी केला, हे सांगितले आहे का? आणि आपल्या माणसांबाबत हेच घडले असते, तर मी हाच शब्द मान्य केला असता का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर तो शब्द आपल्या तोंडून पुढे जाऊ देऊ नये. मुलांसमोर तर नाहीच. घरात ऐकलेले शब्दच ती शाळेत घेऊन जातात.

आपला,
धर्मगुरू