गेम कुठे खेळायचा? एक्सक्लुझिव्हने शिकवलेल्या सहा गोष्टी

मी बरीच वर्षं पीसीवरही खेळतो आणि कन्सोलवरही. अमुक गेम याच यंत्रावर चालेल, दुसरीकडे नाही, अशी अट कंपन्या घालतात (अशा गेमना ‘एक्सक्लुझिव्ह’ म्हणतात) आणि तिची किंमत खेळणारा मोजतो. नवा कन्सोल घ्यायचा म्हटलं की ओळखीतली मुलं सल्ला विचारतात. त्यांना जे सांगतो, तेच इथे मांडतो आहे.

१. अट कोणी घातली आणि का, ते पाहा.
सगळे एक्सक्लुझिव्ह एका माळेचे मणी नाहीत. ‘बायोनेटा २’ला पैसा पुरवायला निन्टेंडो पुढे आली, म्हणून तो गेम २०१४ मध्ये तिच्या वी यू कन्सोलवर येऊ शकला. ज्याने खर्च उचलला त्याने हक्क सांगितला, तर तक्रार करावीशी वाटत नाही. ‘मेट्रो एक्सोडस’चं तसं नव्हतं. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात त्याची आगाऊ विक्री सुरू होती. गेम फेब्रुवारी २०१९ मध्ये यायचा होता. त्याला थोडे दिवस उरले असताना तो तिथून काढला आणि पीसीवर वर्षभरासाठी एपिकच्या दुकानात नेला. गेम जवळपास तयारच होता. या करारातून खेळणाऱ्याच्या पदरात नवं काही पडलं नाही, फक्त त्याची वाट बदलली. पहिल्या प्रकाराला मी आनंदाने पैसे देतो, दुसऱ्यात घाई करत नाही.

२. एका गेमसाठी कन्सोल घेऊ नका.
प्लेस्टेशन ५ आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० रुपये होती. मध्यमवर्गीय घरात एवढी रक्कम सहज निघत नाही. अशा वेळी धीर धरणं फायद्याचं ठरतं. ‘गॉड ऑफ वॉर’ २०१८ मध्ये प्लेस्टेशनवर आला आणि जानेवारी २०२२ मध्ये पीसीवर. ‘स्पायडर-मॅन’लाही साधारण तेवढाच वेळ लागला. मायक्रोसॉफ्टचा ‘फोर्झा होरायझन ५’ २०२५ मध्ये प्लेस्टेशनवर पोचला. पण प्रत्येक वेळी थांबून भागत नाही. ‘ब्लडबोर्न’ २०१५ चा, तो अजून पीसीवर आलेला नाही. मारिओ आणि झेल्डाचे मुख्य गेम तर निन्टेंडो आपल्याच यंत्रांवर ठेवते. म्हणून ज्या यंत्रावर आपल्याला मनापासून हवे असलेले तीन-चार गेम आहेत आणि ते दुसरीकडे येण्याची चिन्हं नाहीत, तेच घ्यावं.

३. उशिरा आलेला गेम पहिल्या दिवशी घेऊ नका.
‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला. पहिल्यांदा चालू केला की शेडर तयार होण्याची टक्केवारी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकायची. सीपीयू तापायचा, पंखे घोंघावायचे, आणि एवढं करून गेम मध्येच बंद पडल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. पुढे पॅच आले तसा तो सुधारला. दोन-तीन पॅच येऊ द्यावेत. तोवर बहुतेक वेळा किंमतही उतरते.

४. मित्र कुठे खेळतात ते आधी विचारा.
शनिवारी रात्री जेवणं उरकली की आमची मंडळी हेडसेट लावून बसतात. कोणी पुण्यात, कोणी नाशिकला, एक मावसभाऊ थेट दुबईत. मागून कुकरची शिट्टी ऐकू येते, कोणाची आई ‘आता पुरे’ म्हणून ओरडते, आणि तरी ‘डावीकडे बघ, डावीकडे’ चालूच. क्रॉसप्ले, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवरून एकत्र खेळायची सोय, नसलेला गेम निवडला की यातला एखादा बाहेर पडतो, आणि हे नुकसान मला सगळ्यात जास्त लागतं. ग्राफिक्सच्या तुलना नंतर करा, क्रॉसप्ले आहे का हे आधी तपासा.

५. घेतलेलं सोबत नेता येईल का, याचा विचार करा.
दुसऱ्या कंपनीचं यंत्र घेतलं की डिजिटल गेम, जादाचे भाग आणि कित्येकदा सेव्हसुद्धा मागेच राहतात. २७ मार्च २०२३ रोजी निन्टेंडोच्या वी यू आणि थ्रीडीएसच्या ऑनलाइन दुकानांत खरेदी बंद झाली. जे गेम फक्त तिथे डिजिटल रूपात मिळत होते, त्यांची नवी प्रत रीतसर विकत घ्यायची सोय संपली. एकाच यंत्रात अडकलेल्या गेमचं आयुष्य असं त्या यंत्राइतकंच होऊन बसतं. डिस्क मिळत असेल तर डिस्क घ्या. ती विकता येते, धाकट्या भावाला देता येते.

६. गप्प बसू नका, आणि आपसात भांडू नका.
‘राजी’ हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. आपल्या पुराणकथांतला, आपल्या रंगांतला. ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी निन्टेंडो स्विचवर आला आणि बाकी ठिकाणी ऑक्टोबरमध्ये. स्विच तेव्हा भारतात अधिकृतपणे विकलाच जात नव्हता. छोट्या स्टुडिओला अशा कराराचा आधार लागतो, हे मी समजू शकतो. पण पुण्यात घडलेल्या गेमसाठी पुण्यातल्या पोरांना थांबावं लागलं, याची खंत वाटतेच.

एक्सक्लुझिव्हवरून प्लेस्टेशनवाले आणि एक्सबॉक्सवाले एकमेकांवर तुटून पडतात, तेव्हा वाईट वाटतं. दोघांचीही अडचण एकच आहे. एकत्र आवाज उठवला की फरक पडतो, हे दिसलेलं आहे. ‘फोर्टनाइट’च्या खेळाडूंनी रेटा लावला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये सोनीने इतर कन्सोलबरोबर क्रॉसप्लेला परवानगी दिली. मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’च्या पीसी खेळाडूंवर प्लेस्टेशन खातं जोडण्याची सक्ती येणार होती, विरोध इतका झाला की ती काही दिवसांत मागे घ्यावी लागली. म्हणून क्रॉसप्ले आणि कुठेही नेता येणारे सेव्ह देणाऱ्या गेमना आपले पैसे द्या, आणि जे देत नाहीत त्यांच्याकडे ते ठामपणे मागत राहा.