जन्मदिनांकावरून पूर्ण वय काढण्याची रीत
(डेटाबेसमधील दिनांकविषयक फंक्शनांचा परिचय)

शाळेच्या जनरल रजिस्टरातील सर्व रकान्यांत जन्मदिनांकाचा रकाना अधिक जपण्याजोगा होय. नावात चूक झाल्यास ती वाचताक्षणी ध्यानात येते. दिनांकात झालेली चूक मात्र बरोबर असल्यासारखीच दिसते. आज रजिस्टरातील नोंदी संगणकावरील डेटाबेसमध्ये जातात आणि प्रवेशपात्र मुलांची यादी क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला ठरावीक भाषेत विचारलेल्या प्रश्नाने, तयार होते. प्रश्न चुकीचा असेल तर संगणक चुकीचेच उत्तर बिनदिक्कत देतो. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ अन्वये वयाचा पुरावा नाही एवढ्यावरून कोणत्याही बालकास प्रवेश नाकारता येत नाही. मग केवळ गणिताच्या चुकीने एखादे मूल यादीबाहेर राहणे किती अनुचित, हे सांगावयास नको.

१. दिनांक हा मजकूर नव्हे
डेटाबेसच्या रकान्याचा प्रकार ‘दिनांक’ असा ठेवावा. ‘मजकूर’ ठेवल्यास संगणक अक्षरांचा क्रम पाहतो, काळाचा नव्हे. अशा क्रमात ०२/१२/२०१८ हा दिनांक ०५/०१/२०१७ च्या आधी येतो. दुसरा धोका अदलाबदलीचा. ८ मार्च २०१९ हा जन्मदिनांक ०८/०३/२०१९ असा लिहिला असता, महिना आधी लिहिण्याच्या अमेरिकन पद्धतीची प्रणाली तो ३ ऑगस्ट असा वाचते. समजा, १ जून २०२५ रोजी ६ वर्षे पूर्ण असलेली मुले हवी आहेत. या मुलाची ती खरोखर पूर्ण आहेत. तरी यादीत त्याचे नाव येणार नाही. दिवसाचा अंक १३ किंवा अधिक असल्यास अशी चूक उघडी पडते. १२ किंवा कमी असल्यास लपून राहते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ८६०१ या मानकानुसार वर्ष, महिना, दिवस या क्रमाने २०१९-०३-०८ असे लिहिल्यास संशय उरत नाही.

२. सालांची वजाबाकी म्हणजे वय नव्हे
१० सप्टेंबर २०१९ रोजी जन्मलेली मुलगी घ्या. १ जून २०२५ रोजी सालांचा फरक ६ येतो. परंतु तिचे वय ५ वर्षे ८ महिने २२ दिवस, म्हणजे पूर्ण वर्षे ५ च आहेत. एसक्यूएल सर्व्हरमधील ‘डेटडिफ’ या फंक्शनास वर्षांचा फरक विचारल्यास ते मधे किती वेळा साल बदलले एवढेच मोजते व ६ असे सांगते. मायएसक्यूएलमध्ये याच नावाचे फंक्शन दिवस मोजते. तेथे पूर्ण वर्षांसाठी ‘टाइमस्टॅम्पडिफ’ वापरावे लागते आणि ते ५ हे उत्तर देते. नाव एक, काम निराळे. म्हणून फंक्शन नेमके काय मोजते हे आधी पाहावे.

दिवसांना ३६५ ने भागण्याची रीतही सदोष आहे. २ जून २०१९ ते १ जून २०२५ या काळात २१९१ दिवस होतात. भागाकार ६ हून किंचित अधिक येतो. वास्तविक सहावे वर्ष पूर्ण होण्यास एक दिवस उरलेला असतो. २०२० व २०२४ या लीप वर्षांच्या दोन जादा दिवसांमुळे हा भ्रम होतो.

३. अखेरच्या दिवसाची नोंद
नोंदीत दिनांकाबरोबर वेळही असल्यास ‘१ जून ते ३० जून’ अशी अट अपुरी पडते. नुसता ३० जून म्हटल्यास संगणक त्या दिवसाची मध्यरात्र, म्हणजे प्रारंभ, धरतो. त्या दिवशी सकाळी ११ वाजता दाखल झालेले मूल सुटते. यास्तव ‘१ जून किंवा त्यानंतर, आणि १ जुलैच्या पूर्वी’ अशी अट घालावी.

४. पडताळा
क्वेरीचे उत्तर पाटीवरील रीतीने तपासावे. दिवसांखाली दिवस, महिन्यांखाली महिने व सालाखाली साल मांडून वजाबाकी करावी. दिवस अपुरे पडल्यास महिना व महिने अपुरे पडल्यास वर्ष उसने घ्यावे. वरच्या वर्गातील मुलांकडून स्वतःची वये अशीच काढून घेतल्यास गणिताचा पाठही होईल.

स्वाध्याय
(अ) जनरल रजिस्टरातील ज्या जन्मदिनांकांत दिवसाचा अंक १२ किंवा कमी आहे, ते संगणकातील नोंदींशी ताडून पाहावेत.
(आ) जून ते डिसेंबर या महिन्यांत जन्मलेल्या पाच मुलांची येत्या १ जून रोजीची पूर्ण वर्षे काढून ती सालांच्या फरकाशी ताडावीत.
(इ) यादीत नाव नसलेल्या प्रत्येक मुलाचा जन्मदिनांक मूळ रजिस्टरात पाहिल्यावाचून त्यास अपात्र ठरवू नये.